पाठमोरी वाटणी

माझ्या कामाचं नाव ऑर्डर घेणं असं आहे, पण खरं काम नाही म्हणण्याचं. तुर्भ्याला औषधांच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे मी बारा वर्षं फोनवर बसते. कंपन्यांचा माल आमच्या गोदामात येतो आणि तिथून ऐरोलीपासून उरणपर्यंतच्या मेडिकल दुकानांत जातो. सकाळी नऊ ते एक फोन नुसते खणखणत असतात. कोण काय मागतंय ते मी लिहून घेते आणि जे गोदामात नसेल त्याला गोड आवाजात ‘शॉर्ट आहे’ म्हणते. हे दोन शब्द मी इतक्यांदा म्हटलेत की घरी नवऱ्याने चहा मागितला तरी तोंडातून तेच येतं.

तर गेल्या वर्षी इन्सुलिनच्या पेनात बसणारी एक रिफिल शॉर्ट झाली. एका बॉक्समध्ये पाच रिफिली येतात, थंड ठेवाव्या लागतात, आणि एका कंपनीची रिफिल दुसरीच्या पेनात बसत नाही. आम्ही दोनशे बॉक्स मागायचो, पंधरा दिवसांनी चाळीस यायचे. कंपनीचा माणूस कारण सांगायचा नाही. मी दरवेळी विचारायचे, तो दरवेळी खांदे उडवायचा. लोकांनी दुसऱ्या कंपनीचं पेन घ्यायला सुरुवात केली, मग तेही शॉर्ट झालं.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “ताई, ह्या रिफिलचं वाटप आता तुम्ही करायचं.”

“मी? का?”

“तुम्हाला सगळ्या पार्ट्या ओळखतात. तुम्हाला शिव्या नाही देणार.”

पार्टी म्हणजे आमच्या धंद्यात दुकानदार. ही रिफिल मागणाऱ्या अडतीस पार्ट्या होत्या. त्या मला शिव्या का देणार नाहीत हे मला कळलं नाही, आणि पुढे असं दिसलं की शेठनाही ते नक्की ठाऊक नव्हतं.

“वाटायचं कसं पण?” मी विचारलं.

“सिम्पल आहे. ज्याने जितके मागितले त्याच्या हिशेबाने. पाच मागेल त्याला एक.”

खरंच सोपं वाटलं. मी खुर्चीत बसून कॅल्क्युलेटरवर अडतीस भागाकार केले आणि मोठी न्यायाधीश झाल्यासारखी पाणी प्यायले.

उरणजवळच्या मोऱ्याच्या जेट्टीपाशी एक जुनं, लहानसं मेडिकल आहे. चालवणारे काका सत्तरीच्या आसपासचे, कोळी. माझी त्यांची फोनवरचीच ओळख, पण बारा वर्षांची. मी आगरी, खाडीकाठच्या गावची, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात माझ्या बोलण्यावरून कळलं आणि तेव्हापासून ते मला बाय म्हणतात. त्यांची ऑर्डर कायम दोन बॉक्स. महिन्याला दोन, कमी नाही, जास्त नाही. दोनाला पाचाने भागलं की पॉइंट चार येतात, आणि पॉइंट चार बॉक्स देता येत नाही. मी त्यांच्यापुढे शून्य लिहिलं. बोट थोडं अडखळलं खरं, पण कॅल्क्युलेटर सांगतोय म्हटल्यावर मी कोण?

पुढच्या वेळी ऑर्डरी आल्या आणि माझे डोळे पांढरे झाले. ऐरोलीला आयटी पार्कच्या वाटेवर एक मोठं मेडिकल आहे, ते आधी आठ मागायचं. त्याने चाळीस मागितले. कामोठ्यातल्या एका दुकानाने, ज्याने ही रिफिल वर्षात दोनदा घेतली असेल, पंधरा मागितले. बेरीज केली तर सहाशेच्या वर गेली. एका पंधरवड्यात नवी मुंबईत इतका डायबेटिस वाढला की काय, मला कळेना.

ऐरोलीचा मालक तरुण, बोलायला चपळ. मी त्याला विचारलं, “अहो, आठाचे चाळीस कसे झाले?”

“मॅडम, तुमी पाचाला एक देता ना? मला आठ पायजेत. आठ पंचे चाळीस. माझं गणित चुकलं का?”

गणित चुकलं नव्हतं. “पण असं सगळ्यांनीच केलं तर?”

“तर पुढच्या वेळी ऐंशी मागीन. मॅडम, रडल्याशिवाय आई पण दूध पाजत नाही.”

मला राग आला, पण कोणाचा ते नीट ठरेना. तो खोटं बोलत होता, आणि खोटं बोलायला मीच शिकवलं होतं. मग मी मोऱ्याला फोन लावला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी लावला.

“काका, ऐका माझं. या वेळी दहा मागा.”

“दहा कना? कशाला?”

“दहा मागितलेत तर दोन मिळतील.”

“मना दोनच पायजेत, बाय. दोन म्हाताऱ्या हायत. एक शेजारची न एक माझ्या घरातली.”

“कळलं हो. पण मागताना दहा मागायचे.”

मग ते म्हणाले, “मंग बाकीचं आठ कोनाला देऊ?”

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी हसले, नंतर समजावलं, नंतर थोडी चिडलेसुद्धा. त्यांचं एकच. जे नको ते मागायचं कसं? आणि चुकून दहाच्या दहा आले तर? शेजारच्या म्हातारीबद्दल त्यांनी तेव्हाच सांगितलं. तिला दिसत नाही, जवळजवळ आंधळीच. एकटी राहते. पेनाचं बटण फिरवलं की टक् टक् आवाज येतो, ती सकाळ-संध्याकाळ वीस मोजते आणि टोचून घेते. साधी सिरिंज तिला चालणार नाही, तिच्यावरच्या रेघा तिला दिसत नाहीत. पेनाने तिचं कोणावाचून अडत नाही.

मी ऑर्डरीत दोन लिहिले. त्यांचा पुन्हा शून्य आला, कारण आता भागायचं होतं पंधराने.

मी शेठकडे गेले. म्हटलं, हे बरोबर नाही, जो खरं बोलतो त्याला काहीच नाही. शेठनी पेपर बाजूला ठेवला. “मग हाजिर तो वजीर करा. जो आधी फोन करेल त्याला.”

“म्हणजे ज्याच्याकडे फोनवर बसायला माणूस आहे त्याला.”

“मग सगळ्यांना सारखं द्या. चाळीस बॉक्स, अडतीस पार्ट्या. एकेक द्या आणि मोकळ्या व्हा.”

मी एकेक दिला. उरलेले दोन लॉटरीसारखे कोणालातरी गेले. काकांना एक मिळाला. मला दोन दिवस फार बरं वाटलं, मग ऐरोलीचा फोन आला. या वेळी तो चपळ बोलत नव्हता.

“मॅडम, माझ्याकडे तीस पेशंट आहेत ह्या रिफिलचे. तीस. मी नाव-नंबर दाखवतो. मला एक बॉक्स आणि त्या कामोठेवाल्याला पण एक? त्याच्याकडे एक तरी पेशंट आहे का, विचारा.”

मी विचारलं. कामोठेवाला म्हणाला, “आज नाही, पण उद्या कोणी आला तर?” हेही मला चूक म्हणता येईना. मेडिकल उघडतातच ‘उद्या कोणी आला तर’ म्हणून. मी फोनवर ज्याच्याशी बोलायचे तो त्या वेळी बरोबर वाटायचा. ठेवला की पुढचा बरोबर. संध्याकाळपर्यंत अडतीसच्या अडतीस बरोबर आणि मी एकटी चूक असा हिशेब लागायचा. घरी जाऊन मी भाजीत दोनदा मीठ घालायचे किंवा घालायचेच नाही. नवरा म्हणाला, “सोड ना, तुला काय त्याचं? डिस्ट्रिब्युटर तू आहेस का?” नव्हते. पण यादीवर अक्षर माझं होतं.

अशा वेळी मला वडिलांची वाटणी आठवली.

आमच्या गावची खारजमीन आता सेक्टर झालीय, पण माझ्या लहानपणी बांध होता आणि बांधाला उघाडी. भरतीचं पाणी आत-बाहेर करायचं लाकडी दार, त्याला आम्ही उघाडी म्हणायचो. पावसाळा सरताना तिथे जाळं लावायचे आणि सात घरांचा मासा एकत्र निघायचा. जिताडा, बोईट, चिंबोऱ्या, कोळंबी, निवट्या. सगळं बांधावर ओतून त्याचे सात वाटे घालायचे. मग वडील त्या वाट्यांकडे पाठ करून उभे राहायचे, तोंड खाडीकडे. दुसरा कोणीतरी काठी एका वाट्यावर ठेवून ओरडायचा, “ह्यो कोनाचा?” वडील न बघता एका घराचं नाव घ्यायचे. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मोठा जिताडा कोणाला गेला, नुसती कोळंबी कोणाला, यावर कोणी हूं की चूं करायचं नाही. एरवी शेताच्या मेरेच्या वितीसाठी कोयते काढणारी माणसं, पण पाठमोऱ्या वाटणीवर भांडण झालेलं मी पाहिलं नाही. वडिलांचा केवढा मान होता त्या पाठीला!

मला वाटलं, सापडलं. बारा वर्षं मी तोंड समोर करून बसले, तिथेच चुकलं.

पुढचे चाळीस बॉक्स आले तेव्हा मी पॅकिंगच्या टेबलावर खडूने अडतीस चौकोन काढले. शेठ म्हणाले, मोठ्या दुकानांना एकेकाने काय होणार, काही चौकोनांत चार-चार ठेवा, काहींत दोन, काही राहू द्या रिकामे. आमच्याकडे पॅकिंगला एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांच्या हातात मी पट्टी दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. हातात पार्ट्यांची यादी. सगळे हसत होते. गृहस्थांनी मनाला येईल त्या चौकोनावर पट्टी ठेवली आणि म्हणाले, “हा कुणाचा?” मी यादीतलं पहिलं नाव वाचलं. “हा कुणाचा?” दुसरं. हसणं हळूहळू थांबलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मी अडतीस नावं वाचली आणि मला असं हलकं वाटलं की काय सांगू. जे झालं ते मी केलं नव्हतं.

त्याचा व्हिडिओ कोणीतरी पार्ट्यांच्या ग्रुपवर टाकला आणि चमत्कार झाला. एकही भांडणाचा फोन नाही. ऐरोलीला दोन आले, तो म्हणाला, “नशीब, मॅडम. बोलणार काय?” ज्यांना रिकामा चौकोन आला तेही गप्प. ऑर्डरी फुगवणंसुद्धा थांबलं, कारण आता फुगवून उपयोग नव्हता. शेठ खूश. दुसऱ्या औषधांनाही हेच करू म्हणाले. मी माहेरी फोन करून आईला सांगितलं की तुझ्या नवऱ्याची पद्धत कंपनीत चालू केली. आईला ऐकायला कमी येतं, ती म्हणाली, “जेवलीस का?”

काकांना त्या वेळी रिकामा चौकोन आला होता. पुढच्या वेळीही रिकामाच आला.

दुसऱ्या खेपेला मी नाव वाचलं आणि मागे कोणीतरी “अरेरे” म्हणालं. मला वळून बघायचं होतं. वळले नाही, वळणं हीच तर लबाडी. यादी संपल्यावर टेबलाकडे आले तर मोऱ्याचा चौकोन कोरा, आणि शेजारीच कामोठ्याच्या चौकोनात चार. मी चार बॉक्सकडे बघत उभी राहिले. एक उचलून इकडे ठेवायला कितीसा वेळ लागतो? पण मग ती वाटणी कसली? मग मला पुन्हा अडतीस जणांना उत्तर द्यावं लागलं असतं. मी हात मागे घेतला. खरं सांगते, न्यायासाठी नाही, फोनच्या भीतीने घेतला.

काकांना मीच कळवलं. ते रागावले नाहीत. त्याने मला जास्तच अपराधी वाटलं.

“एकच बॉक्स हाय फ्रिजमदी,” ते म्हणाले. “पाच रिफिली. न म्हाताऱ्या दोन. कसा करू, बाय?”

ते मलाच विचारत होते, वाटपवाल्या बाईला. मी म्हटलं, “तीन-दोन करा, काका. शेजारणीला तीन, ती आंधळी आहे. तुमच्याकडे दोन. तोवर नवा माल येतोच.”

“तसाच करतो,” ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी नवा माल आला नाही. कंपनीच्या माणसाने खांदे उडवले.

त्या रविवारी मी गावी आईकडे गेले. आई अंगणात लसूण सोलत बसली होती. तिच्या कानाशी बसून मी तिला सगळं नीट सांगितलं. चौकोन, पट्टी, भिंत. ती ऐकत होती आणि मध्येच थांबली.

“रिकामा वाटा? ह्यो कंचा?”

“माल कमी असतो ना आई. काहींना काहीच नाही मिळत.”

“आमच्यान रिकामा वाटा नव्हता गो. कोळंबीची चार शेपटं आली तरी वाटा घातलाच. न मंग फिरवला कोनी?”

“काय फिरवलं?”

आईने लसणाची परात खाली ठेवली. तिने जे सांगितलं ते मी, त्याच घरात वाढलेली मुलगी, पहिल्यांदा ऐकत होते. बांधावरची वाटणी पुरुषांची, भांडण नको म्हणून. वाटे घरी आले की बायका कामाला लागायच्या. टोप पदराखाली घ्यायचा आणि मागच्या दाराने निघायचं. कोणाकडे बाळंतीण असेल तर सातही घरांतल्या निवट्या तिच्याकडे, कारण निवट्यांनी दूध येतं. ज्या घरी पाहुणे, तिकडे जिताड्याचा तुकडा. आजाऱ्याला कोळंबीचा पातळ रस्सा. अंधार पडेपर्यंत सातही वाटे इकडचे तिकडे झालेले असायचे आणि पुरुषांना पत्ता नसायचा.

“बापाला वाटायचा आपल्या पाठीनं सगला बरोबर व्हतं,” आई म्हणाली आणि हसली. “तू अर्धाच रिवाज नेलास गो कंपनीन.”

मला हसू आलं नाही. सणसणीत चपराक बसावी तसं झालं. मला तो हलकेपणा आठवला, भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याचा. वडिलांनी पाठ फिरवली ती मी बघितली होती. मागच्या दाराने आई टोप घेऊन जायची ते मात्र इतकं रोजचं होतं की बघितलंच नव्हतं.

सोमवारी मी उरलेला अर्धा रिवाज पुरा करायला बसले. एकेका पार्टीला फोन. तुमच्या फ्रिजमध्ये जास्तीचा एखादा बॉक्स आहे का? मोऱ्याला दोन म्हाताऱ्या अडल्यात. ‘नाही हो ताई.’ ‘आमचंच अडलंय.’ ‘असतं तर दिलं नसतं का?’ कामोठेवाला म्हणाला, उद्या कोणी आला तर. मला कोणाचंच खरं वाटेना आणि कोणाचंच खोटंही म्हणता येईना. सर्वात शेवटी, गुरुवारी, ऐरोली. तिथून काही मिळेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं.

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, “मॅडम, कोणाला बोलू नका. अकरा आहेत.”

“अकरा?”

“सुरुवातीला तुमच्याकडून आणि अजून दोन डिस्ट्रिब्युटरांकडून फुगवून घेतले ना, त्यातले. पेशंटला एकेक रिफिल सुटी देतो आणि हे दाबून ठेवलेत. घाबरून, मॅडम. उद्या आलंच नाही तर मी तीस लोकांना काय सांगू?” मग पुढे, “दोन घेऊन जा. डॉक्टरच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवा फक्त.”

दुकानातून दुकानात माल असा देता येत नाही, पण पेशंटच्या चिठ्ठीवर विकता येतो. दोघींच्या चिठ्ठ्यांचे फोटो काकांनी मला मागेच पाठवले होते. मी ते धाडले. इतके दिवस मी ज्याला लबाड म्हणत होते तोच देत होता, आणि जे सज्जन वाटत होते त्यांच्याकडे काही नव्हतं. यातून काय शिकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

काकांना कळवायला फोन केला तर उचलला गेला नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. मला वाटलं, शून्य-शून्य ऐकून कंटाळले असतील बिचारे. शनिवारी ऑफिस सुटल्यावर ऐरोलीला जाऊन मी दोन बॉक्स थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांत ठेवून आणले. रात्रभर ते आमच्या फ्रिजमध्ये डोशाच्या पिठाशेजारी राहिले. सकाळी पेटी मांडीवर घेऊन मी उरणची बस धरली, तिथून रिक्षाने मोरा. वाटेत मला शाळेतल्यासारखा उत्साह आला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा मी ‘शॉर्ट आहे’ म्हणायला नाही, द्यायला चालले होते. काका काय म्हणतील, काकी चहा टाकतील का, असले विचार.

जेट्टीच्या अलीकडच्या गल्लीत दुकान सापडलं. शटर अर्धं वर. पायरीवर एक म्हातारी हातात काठी धरून बसली होती, माझी चाहूल लागल्यावर तिने मान भलत्याच दिशेला वळवली. म्हणजे हीच ती शेजारीण. आत काउंटरमागे काका स्टुलावर बसले होते. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तरी आवाजावरून वाटायचे तसेच होते, फक्त डोक्याचे केस काढलेले.

मी माझी ओळख सांगितली. ते उठून उभे राहिले. “बाय, तू? एवढ्या लांब?”

“तुमचे दोन आणलेत,” मी म्हटलं आणि पेटी काउंटरवर ठेवली. तोपर्यंत त्यांच्या डोक्याकडे बघून मला कळलं होतं, पण तोंड आधी ठरवलेलंच बोललं.

त्यांनी मला बसायला दिलं. घरातली म्हातारी, काकी, सोमवारी गेली होती. सोमवारी, मी फोनवर फोन करत होते त्या दिवशी. त्यांनी काही लपवून सांगितलं नाही आणि काही वाढवूनही नाही.

“तू सांगतलास तशाच दिल्या. दोन आमच्या म्हातारीला, तीन हिला.” त्यांनी पायरीकडे हात केला. “न आमच्या म्हातारीनी त्या दोनातली एक परत हिलाच दिली. मागच्या दारानं. मना नाय सांगतला, हिला बी नाय सांगतला कुठची ते. हिला वाटला दुकानातलीच. मागून रिफिली मोजल्या तवा कळला.”

“मग काकी?”

“एकावर काढीत व्हती. विसाच्या जागी दहा. पेन माझ्यासमोरच फिरवायची, पन मी कवा मोजला नाय. कोन मोजतो?” मग माझ्याकडे बघून ते घाईने म्हणाले, “तसा नाय हां. डॉक्टर बोलला, हार्टचा व्हता. वय झालता. तुजा काय नाय त्यान.”

मला रडू आलं, आणि मी रडले. पण कशाचं रडू होतं ते तेव्हाही कळलं नाही. माझ्या शून्याचं, मी सांगितलेल्या तीन-दोनाचं, की आईने हसत सांगितलेल्या त्या मागच्या दाराचं? वाटा फिरवला नाही म्हणून मी इथवर आले होते, आणि इथे तो फिरवला गेला होता. मी पाठ केली नसती तर? ऐरोलीला आठवडाभर आधी विचारलं असतं तर? की डॉक्टर म्हणतो तसं हार्टचंच होतं आणि बॉक्स वेळेवर आला असता तरी सोमवार सोमवारच राहिला असता? पायरीवरची म्हातारी आमचं बोलणं ऐकत होती की नव्हती, देव जाणे. ती काठीने पायरी खरवडत बसली होती.

काकांनी पेटी उघडली. बर्फ अजून बराच होता. त्यांनी एक बॉक्स काढला, पालथा-उताणा करून त्यावरची तारीख वाचली, आणि फ्रिज उघडून शेजारणीच्या नावाच्या चिठ्ठीशेजारी नीट ठेवला. मग दुसरा काढला. तो त्यांच्या हातातच राहिला. फ्रिजचं दार उघडंच होतं, आतली थंड हवा माझ्यापर्यंत येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दहा मागायच्या त्या फोनवर विचारलं होतं तसंच, खरंच उत्तर हवं होतं म्हणून, विचारलं, “मंग ह्यो दुसरा कोनाला देऊ?”